मेजर, झोप लागते का?

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या रात्री गणपती बोळवून दमून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सरकारी नोंदीत ७,९२८ मृत्यू आहेत. जे वाचले ते पुढे कित्येक महिने छताखाली झोपायला तयार नव्हते. रात्री रस्त्यानं जड ट्रक गेला, जमीन थरथरली, की लेकरं उचलून बाहेर पळत होते. त्यांना कुणी भित्रं म्हटलं नाही. या माणसांनी जे पाहिलं ते त्यांच्या अंगातून इतक्यात जाणार नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला कळत होतं.

मनोविकारतज्ज्ञांनी त्याची नोंदही केली. वाचलेल्यांपैकी ४२ जणांना तपासून लिहिलेला अहवाल १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त छापून आला. त्यांतल्या ५९ टक्के लोकांना मानसिक आजार निघाला. सर्वांत जास्त आढळले ते दोन आजार: पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा विकार, आणि तीव्र नैराश्य. २१ मार्च २०२४ला हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा नांदेडपर्यंत माणसं घराबाहेर आली. शरीर किती वर्षं आठवण धरून बसतं, हे आपल्या भागाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता याच लातूर-नांदेडच्या एखाद्या गावात फौजेतून परत आलेला माणूस बघा. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की तो अंग आकसून खाली बसतो. रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी तपासतो. आठवडी बाजारात जायचं टाळतो. हॉटेलात बसला तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. त्याला आपण काय म्हणतो? ‘मेजरचं डोस्कं फिरलंय.’ ‘बंदूक चालवून आला अन् फटाक्याला भितो.’ मग घरचे लिंबू उतरवतात, देवऋषी गाठतात.

किल्लारीच्या माणसाच्या भीतीला आपण जखम मानलं. जवानाच्या भीतीला आपण कमजोरी मानतो. दोन्ही भीतींचं मूळ एकच आहे. आपण केलेल्या या भेदाची किंमत तो जवान, त्याची बायको आणि त्याची लेकरं रोज मोजतात.

*

आजार नेमका काय, ते एकदा सरळ समजून घेऊ. मरण समोर दिसलं, सोबत्याचं शरीर हातांनी उचलावं लागलं, आपल्या गोळीनं माणूस पडताना पाहिला, असं काही घडतं. प्रसंग संपतो. मेंदूतली धोक्याची घंटा मात्र चालूच राहते. तोच प्रसंग स्वप्नात आणि भरदिवसा डोळ्यांपुढे परत येतो. त्याची आठवण करून देणारी जागा, आवाज, वास, माणसं टाळली जातात. झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवरून संताप चढतो, जवळच्या माणसांबद्दल काही वाटेनासं होतं. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तो पीटीएसडी. कधी कधी तो सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा डोकं वर काढतो. म्हणूनच ‘तिकडं असताना ठणठणीत होता, घरी आल्यावरच नाटकं सुरू झाली’ हा टोमणा चुकीचा आहे. पहाऱ्यावर असताना सावधपणा कामाचा होता. घरी आल्यावर तोच सावधपणा त्याला खातो.

प्रत्येक फौजीला हा आजार होतो असं मुळीच नाही. लढाई पाहिलेले बहुतेक जण त्यातून सावरतात, शेती करतात, पोरांच्या लग्नात नाचतात. निवृत्त जवान दिसला की त्याच्याकडे संशयानं बघायचं, हा दुसरा अन्याय होईल. ज्याला जखम झाली आहे त्याला मलमपट्टी मिळाली पाहिजे, मागणी एवढीच आहे.

जगानंही हे उशिरा ओळखलं. पहिल्या महायुद्धात पळ काढला, भ्याडपणा केला अशा आरोपांखाली ब्रिटनने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. तोफांच्या माऱ्यानं मन मोडलेली कितीतरी पोरं त्यात होती, असं आज मानलं जातं. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये पीटीएसडी हा आजार आपल्या यादीत घातला. आपल्याला तेवढी वर्षं थांबायची गरज नाही. ज्ञान तयार आहे, औषधं आहेत, उपचाराच्या पद्धती आहेत. अडतंय ते विचारण्यापाशी.

*

जवान स्वतःहून का सांगत नाही? कारण सांगितलं की नुकसान होतं, हे त्याला माहीत आहे. फौजेत तब्येतीची प्रतवारी पाच अक्षरांनी होते: एस, एच, ए, पी, ई. त्यातला पहिला ‘एस’ मनाच्या आरोग्याचा. तिथे आकडा घसरला की जवान ‘लो मेडिकल’. मग बढती अडते, पोस्टिंग बदलतं, कोर्स हुकतो आणि बराकीत बातमी पसरते. गुडघा दुखतो म्हणून ‘कॅटेगरी’ लागलेल्याला सोबती पाणी आणून देतात. मनासाठी लागली तर त्याच्या शेजारची खाट रिकामी होते. अशा वेळी कुठला शहाणा माणूस डॉक्टरपुढे तोंड उघडेल? तो दारू पितो आणि गप्प बसतो.

गावात त्याच्या या पिण्याचीही चव घेतली जाते. ‘मेजर, कोट्यातली आणली का?’ असं विचारणारे चौकात शंभर असतात. ती बाटली त्याची झोपेची गोळी झाली आहे, हे त्यांतल्या एकाच्याही ध्यानात येत नाही.

आकडे सांगतो. जुलै २०२२ मध्ये संरक्षण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, की त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत ६४२ लष्करातले. सीआरपीएफ, बीएसएफ आणि इतर केंद्रीय दलांचा आकडा २०१८ ते २०२२ या काळात ६५४ होता, त्यांतले २३० एकट्या सीआरपीएफचे. या सगळ्यांना पीटीएसडी होता असं कुणीही म्हणणार नाही. कर्ज असतं, लग्नातली तेढ असते. जवान सीमेवर आणि भावकी इकडे बांध कोरतेय, असंही असतं. पण दोन्ही आकडे जोडले तर १,४७३ होतात. एवढी माणसं गेल्यावर ‘घरगुती कारण’ म्हणून फाईल बंद करणं हा अपमान आहे.

दिल्लीतल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या एका अभ्यासानं निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली असल्याचं म्हटलं होतं. २०२१च्या सुरुवातीला त्याची बातमी झाली. लष्करानं निष्कर्ष फेटाळला, नमुना अपुरा आहे म्हणून सांगितलं, आणि तो मजकूर संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवला गेला. ठीक आहे. तो आकडा चुकीचा असेल तर बरोबर आकडा मोजा आणि देशाला सांगा. मोजायचंच नाही, हे उत्तर चालणार नाही.

*

आपल्या दोन जिल्ह्यांचा या दलांशी संबंध वरवरचा नाही. मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे. लातूरला सीआरपीएफचं भरती प्रशिक्षण केंद्र आहे. चाकूरला बीएसएफचं केंद्र आहे, आणि त्याच चाकूरचे शिवराज पाटील २००४ ते २००८ या काळात देशाचे गृहमंत्री होते, म्हणजे या दलांचे प्रमुख मंत्री. बिलोली तालुक्यात सगरोळीची सैनिकी शाळा आहे. पहाटे पाच वाजता कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर भरतीची पोरं धावताना दिसतात. कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या घराला वर्दी ही पगाराची हमी आहे. म्हणून पोरं जातात, आणि छातीवर गोळी झेलायची तयारी ठेवून जातात. लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे संभाजी कदम २९ नोव्हेंबर २०१६ला नगरोट्याच्या हल्ल्यात लढता लढता गेले, तेव्हा अख्खा जिल्हा रडला होता.

पण सीआरपीएफचा जवान निवृत्त होऊन लातूरला आला की कागदावर तो ‘माजी सैनिक’ नसतो. २०१२ मध्ये गृह मंत्रालयानं त्याला ‘माजी सीएपीएफ कर्मचारी’, म्हणजे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा माजी कर्मचारी, असं नाव दिलं. त्या नावावर सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, कार्ड मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या यादीत तो बसत नाही. १ जानेवारी २००४ नंतर भरती झाला असेल तर लष्करासारखी जुनी पेन्शनही नाही. ६ एप्रिल २०१०ला छत्तीसगडमधल्या ताडमेटलाच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जण मारले गेले, त्यांतले ७५ सीआरपीएफचे होते. २४ एप्रिल २०१७ला बुरकापालला २५ गेले. त्या कंपन्यांतून जे जिवंत परतले, ज्यांनी सोबत्यांची प्रेतं उचलली, त्यांच्या स्वप्नांत काय येत असेल? भूसुरुंग काही जवानाचं मंत्रालय विचारून फुटत नाही. उपचारही मंत्रालय बघून मिळू नयेत.

अग्निवीरांचं तर आणखी अवघड आहे. जून २०२२ मध्ये योजना आली. लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ला सुरू झालं. चार वर्षांच्या सेवेचा हिशेब २०२६ अखेर ते २०२७च्या सुरुवातीला पुरा होतो. चारांतला जास्तीत जास्त एक जण कायम होणार, उरलेले सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा सीमेवरचा मारा पाहून औशाला, मुखेडला, उदगीरला परत येईल आणि त्याला वर्षभरानं त्रास सुरू झाला, तर तो कुणाकडे जाईल? या प्रश्नाचं उत्तर पहिली तुकडी गावात उतरण्याआधी तयार हवं.

*

आता जरा आपल्याकडे, गावाकडे बघू.

जवान निवृत्त झाला की हल्ली मिरवणूक निघते. सजवलेली जीप, डीजे, गुलाल आणि हजाराच्या माळा. भावना खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या कानाशी स्फोट झालेत त्याच्या पायाशी फटाक्यांची माळ लावण्याआधी त्याला एकदा विचारा. हार घाला, औक्षण करा, भारुड लावा. बारूद वगळा.

नंतर सहा महिन्यांत त्याला नोकरी लागते ती बँकेच्या दारात, खांद्यावर बाराबोर देऊन. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला दर माणसात धोका दिसतो, त्याच्या हातात आपण परत बंदूकच देतो. ती देण्याआधी त्याच्या मनाची तपासणी कुणी करतं का? बँका आणि सुरक्षा कंपन्यांनी ती करावी, आणि तपासणीत त्रास निघाला तर त्या माणसाला कामावरून न काढता बिनबंदुकीचं काम द्यावं.

आणि त्याची बायको. जवान गेला तर ती वीरपत्नी, व्यासपीठावर साडीचोळी आणि पहिल्या रांगेची खुर्ची. जवान जिवंत परतला आणि आजारी असला, तर तिला कुठलंच नाव नाही. नवरा रात्री किंचाळत उठतो तेव्हा ती लेकरांना दुसऱ्या खोलीत नेते. तो चिडला की सासू म्हणते, ‘तूच काहीतरी बोलली असशील.’ तो मारतो तेव्हा शेजारी म्हणतात, ‘फौजी गडी, रागीट असणारच.’ नाही. आजार हे रागाचं कारण असू शकतं, मारहाणीचा परवाना नव्हे. आजारावर उपचार मागायचा तिला हक्क आहे आणि मारहाणीविरुद्ध तक्रार करायचाही हक्क आहे. दोन्ही एकाच वेळी.

*

उपचार आहेत, हे मोठ्यानं सांगायला हवं. प्रशिक्षित समुपदेशकापुढे तो प्रसंग थोडा थोडा करून सांगणं, त्यातल्या अपराधाच्या आणि धोक्याच्या कल्पना तपासणं, टाळलेल्या जागी हळूहळू परत जाणं, ही पद्धत जगभर पारखलेली आहे. सर्ट्रालिनसारखी औषधं उपयोगी पडतात. मेडिकलवाल्याकडून नुसत्या चिठ्ठीवर आणलेल्या झोपेच्या गोळ्या हा आजार बरा करत नाहीत, उलट सवय लावतात.

महाराष्ट्राची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. पण या आजारातल्या बहुतेकांना मनोरुग्णालयात भरती व्हावंच लागत नाही. बाह्यरुग्ण विभाग पुरतो. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्ही सरकारी. दोन्ही शहरांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे माजी सैनिक पेन्शनच्या आणि पोरांच्या शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी जातातच. रुग्णालय आणि कार्यालय एकाच शहरात असताना त्यांची गाठ घालून द्यायला नवी इमारत लागत नाही. एक आदेश लागतो.

कायदाही पूर्ण गप्प नाही. २ जुलै २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे झाला आणि त्यापायी जवानाला सेवा सोडावी लागली, तर तो सेवेमुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. १७ डिसेंबर २०२१ला रविंदर कुमार धारीवाल या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठानं मानसिक आजार असलेल्या माणसावर त्या आजाराशी जोडलेल्या वागण्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरवला. हे निकाल चांगले आहेत. पण माजी सैनिकाला हक्काच्या अपंगत्व पेन्शनसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या पीठाकडे जावं लागतं. ज्याला गर्दीनं घाम फुटतो, त्यानं लातूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढून तारखेला जायचं. हा खटला त्याच्या गावातून, दूरदृश्य पद्धतीनं आणि मोफत वकिलासह चालला पाहिजे.

*

म्हणून नावं घेऊन मागतो.

लातूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनो, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांतला मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी सैनिक कल्याण कार्यालयात बसवा. त्या दिवशी सीआरपीएफ, बीएसएफ आणि अग्निवीर यांनाही दार उघडं ठेवा. त्यांच्या बायकांनाही.

आरोग्य विभागा, शेतकरी आत्महत्यांसाठी २०१५ मध्ये सुरू केलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ चौदा जिल्ह्यांत आहे, त्यांत लातूर आणि नांदेड आहेत. आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. त्यांच्या प्रश्नावलीत एक ओळ वाढवा: या घरात कुणी फौजेत होतं का, आणि त्यांना झोप लागते का? शेतकरी आणि जवान बहुधा एकाच उंबऱ्याच्या आत राहतात.

संरक्षण आणि गृह मंत्रालयांनो, निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत मनासाठी पुरेसा वेळ द्या आणि तिथे बायकोचं म्हणणंही ऐका. सेवेत असताना स्वतःहून उपचार मागणाऱ्याची बढती त्या एका कारणानं अडणार नाही, असा लेखी नियम करा. १ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा सैन्यदलांसाठी खास कक्ष सुरू झाला. चांगलं पाऊल आहे, त्याचा नंबर प्रत्येक सेवापुस्तकावर छापा.

खासदार-आमदारांनो, २६ जानेवारीला हुतात्मा स्मारकावर फूल वाहताना जे जिवंत परत आलेत त्यांची यादी मागा. ती यादी तुमच्याकडे नसेल तर आधी ती करा.

आणि वाचकांनो, तुमच्या गल्लीत, भावकीत एखादा मेजर असेल. त्याला ‘किती मारले?’ असं विचारू नका. ‘मेजर, झोप लागते का?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत बसा. उत्तर ‘नाही’ आलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर त्याच्यासमोर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. पुढच्या ओपीडीला त्याच्यासोबत तुम्हीही जा. सरकारनं वरच्या सगळ्या मागण्या मान्य करेपर्यंत थांबायची त्याला सवड नाही, आणि हे एवढं करायला तुम्हाला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.